वडिलांसोबत बेटावर सावकाश फिरायचे, तर अंदमान की श्रीलंका?

वयस्कर वडिलांना घेऊन एखाद्या बेटावर गाडीने निवांत फिरून यायचे मनात आले, की आपल्याकडून दोन पर्याय पुढे येतात: अंदमान आणि श्रीलंका. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, मी काही वर्षांच्या अंतराने दोन्हीकडे नेऊन आणले आहे. अण्णा वाळवा तालुक्यातले, जन्मभर हळद आणि ऊस केलेले शेतकरी आहेत. पंचाहत्तरी ओलांडली आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे, साखरेच्या गोळ्या चालू आहेत आणि गुडघ्यांना जिना सोसत नाही. विमानभाडे, व्हिसा आणि हॉटेलांचे दर कोणालाही घरबसल्या पाहता येतात, त्यामुळे त्यांत न शिरता अशा माणसाला सोबत घेतल्यावर या दोन बेटांत जो फरक जाणवतो तेवढाच इथे मांडतो.

अंदमानची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. सेल्युलर जेल पाहण्यासाठी म्हणून कोणी वडिलांना तिथे नेणार असेल, तर पुढची सगळी तुलना त्याने बाजूला ठेवली तरी चालेल. 1906 साली पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांनी 1911 ते 1921 या काळात जिथे कैद भोगली, ती कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तो जिना सोपा नाही, पण अण्णा कठड्याला धरून, प्रत्येक वळणावर थांबत वर गेले आणि कोठडीच्या दारात बराच वेळ नुसते उभे राहिले. प्रतिसरकारच्या हकिकती आजोबांच्या तोंडून ऐकत वाढलेल्या माणसाला त्या जागेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. याखेरीज तिथे हिंदी सर्वत्र चालते, त्यामुळे अण्णा दुकानदारापासून नावाड्यापर्यंत सगळ्यांशी स्वतः बोलू शकत होते. आपल्या देशात असल्यामुळे औषधांच्या चिठ्ठीपासून पैशांपर्यंत कशाचीच अडचण येत नाही. शाकाहारी थाळीही सहज मिळते.

पण गाडीने फिरण्याचा आनंद हा मुख्य हेतू असेल, तर अंदमान तितकेसे सोयीचे नाही, असे मला वाटते. पोर्ट ब्लेअर, म्हणजे 2024 पासूनचे श्री विजयपुरम, आणि हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, ही दोन निरनिराळी बेटे आहेत. पर्यटकाची गाडी एकीकडून दुसरीकडे जात नसल्यामुळे धक्क्यावर सामान उतरवायचे, बोटीत चढायचे, पलीकडे उतरून नवी गाडी आणि नवा चालक शोधायचा, असा क्रम दर वेळी करावा लागतो. बोट आणि धक्का यांच्यामधल्या हलत्या फळीवरून वडिलांना हात धरून नेताना आपल्याच पोटात गोळा येतो. शिवाय अंदमान भारताच्या इतके पूर्वेला असूनही घड्याळ आपलेच आहे. त्यामुळे हिवाळ्यात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दुपारचे जेवण उशिरा झाले तर संध्याकाळ उरतच नाही.

माझा निर्णय मात्र यांपैकी कशाने झाला नाही. तो झाला अंदमान ट्रंक रोडवर. सलग लांब रस्ता म्हणावा असा तिथे हा एकच आहे आणि तो उत्तरेला दिगलीपूरपर्यंत सुमारे 300 किलोमीटर जातो. जिरकाटांगच्या तपासणी नाक्यापासून मिडल स्ट्रेटपर्यंतचा सुमारे 50 किलोमीटरांचा पट्टा जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. त्यामुळे तिथे वाहने ठरलेल्या वेळी, एकामागे एक, ताफ्यानेच सोडली जातात आणि वाटेत कोणत्याही कारणाने थांबता येत नाही. हा नियम योग्यच आहे. तो रस्ता बंदच करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली दिला होता, आणि जारवांच्या जंगलात आपण पाहुणे म्हणूनही जाऊ नये, असे मलाही वाटते. परंतु साखर असलेल्या, लघवीला वारंवार जावे लागणाऱ्या माणसासाठी तो दीड तास फार मोठा असतो. सकाळचा पहिला ताफा गाठायला आम्ही मध्यरात्र उलटल्यावर उठून निघालो. नाक्यावरच्या रांगेत गाडी उभी असताना अण्णांच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीचे सीलही तुटलेले नाही, हे माझ्या लक्षात आले. विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, “वाटंत थांबत न्हाईत म्हणं. मग कशाला उगीच?” त्यांनी आदल्या रात्री जेवणानंतरच पाणी बंद केले होते. त्या दमट उकाड्यात, गोळ्या चालू असताना, आपल्यामुळे कोणाची अडचण होऊ नये म्हणून एक म्हातारा माणूस तहान मारून बसला आहे, हे पाहिल्यावर या रस्त्यापलीकडच्या बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी यांच्यात माझे मन लागले नाही. परतीलाही ताफा होताच.

श्रीलंकेत ही अडचण मुळापासूनच येत नाही. स्वतः गाडी चालवायची तर तिथला वेगळा परवाना काढावा लागतो आणि माझ्या मते त्या भानगडीत पडू नये. विमानतळापासून विमानतळापर्यंत एकच गाडी आणि एकच चालक ठरवता येतो, सामान एकदा डिकीत गेले की रोज मुक्कामालाच उतरते, आणि मुख्य म्हणजे “इथे थांबा” म्हटले की गाडी थांबते. पेट्रोल पंप, चहाची दुकाने, छोटी खानावळ, कुठे ना कुठे स्वच्छतागृह सापडतेच. दक्षिणेच्या द्रुतगती मार्गावरही वेलिपेन्ना येथे चांगला थांबा आहे. अण्णा दुसऱ्या दिवसापासून मोकळेपणाने पाणी पिऊ लागले, एवढे मला पुरे होते.

थांबता येते म्हटल्यावर प्रवासाचे स्वरूपच बदलते. कोलंबो-कँडी रस्त्यावर काजूगामा नावाच्या गावात बायका रस्त्याकडेला काजू विकत बसतात, तिथे आम्ही थांबलो. मातलेजवळच्या मसाल्याच्या बागेत अण्णांनी हळदीचा गड्डा हातात घेऊन मोडून पाहिला, वास घेतला आणि बागवाल्याला भाव विचारला. श्रीलंकेने मध्यंतरी हळदीची आयात थांबवली तेव्हा तिथे भाव कडाडले होते आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून चोरटी हळद येऊ लागली होती. सांगलीच्या मार्केट यार्डात आयुष्यभर हळद घातलेल्या माणसाला यापेक्षा चांगला विषय मिळाला नसता. पुढे गॉलच्या अलीकडे, किनाऱ्याजवळच्या एका गावात, दालचिनी सोलणाऱ्या कुटुंबाच्या ओसरीवर आमचा अर्धा दिवस गेला. फांदीवरची खरबरीत साल आधी खरवडून काढतात, मग पितळी दांडीने ती फांदी जोर लावून चोळतात, त्यामुळे आतली साल सैल होते. सुरीने दोन उभे छेद घेऊन ती अलगद सोडवतात आणि कागदासारख्या पातळ साली एकात एक बसवून लांब नळी करून सावलीत वाळवतात. आपल्या बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, कडक साल बहुधा कॅशिया असते, ती ही नव्हे. अण्णांनी ती पितळी दांडी स्वतः हातात घेऊन चोळून पाहिली. हा थांबा आमच्या आखणीत कुठेच नव्हता.

श्रीलंकेत उणे काही नाही असे मी म्हणणार नाही. माळकरी किंवा शाकाहारी माणसाने जेवताना फार जपावे लागते. तिथल्या नारळाच्या चटणीत, पोल सांबोलात, उंबलकडा म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा घालतात आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी बसण्याआधी चालकाकरवी सिंहलीत विचारून घ्यावे. वरण, भात आणि इडियप्पम म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, यांवर निभाव लागतो, पण भाकरीची आठवण येतेच. हिंदी चालत नाही, त्यामुळे वडिलांचे संभाषण आपल्याला किंवा चालकाला पोचवावे लागते. सिगिरियाच्या सुमारे 1200 पायऱ्या या वयात सरळ सोडून द्याव्यात, खालच्या बागांतून तो खडक पाहिला तरी पुरे. कँडीहून नुवारा एलियाचा रस्ता सुमारे 75 किलोमीटरांचाच असला तरी वळणांचा आहे, पावसात दरडीही कोसळतात. आंबेनळी घाट सोसणाऱ्याला तो सोसेल, पण वाटेत रंबोडाला हनुमानाच्या मंदिराशी थांबून तासभर पाय मोकळे करावेत. नुवारा एलिया महाबळेश्वरापेक्षा सुमारे 500 मीटर उंच आहे, त्यामुळे रात्री स्वेटर आणि कानटोपी लागतेच. परदेश असल्यामुळे आरोग्यविमा काढावा लागतो आणि या वयाला तो महाग पडतो, हेही खरे.

ज्यांचे वडील धडधाकट आहेत, ज्यांना बोटीचे भय नाही आणि ज्यांच्या मनात सेल्युलर जेल वर्षानुवर्षे आहे, त्यांनी अंदमानच निवडावे. मात्र बाराटांग वगळून पोर्ट ब्लेअरमध्येच मुक्काम ठेवावा आणि तिथून चिडिया टापूपर्यंत दिवसाउजेडी फिरून यावे. बाकीच्यांनी, विशेषतः ज्यांच्या घरी औषधांचा डबा आणि प्रवासात पाणी टाळण्याची सवय आहे त्यांनी, माझ्या मते श्रीलंकेचा विचार आधी करावा. चालक ठरवतानाच त्याला सांगून ठेवावे की दिवसाला चार तासांपेक्षा अधिक गाडी चालवायची नाही, पुढची सीट वडिलांची आहे आणि दर तासाला न सांगता थांबायचे आहे. पहिल्या दिवशी त्याला हे विचित्र वाटेल, दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच जागा शोधू लागतो. डोंगराळ भाग आणि नैर्ऋत्य किनारा यांना डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला असतो. आपल्याकडच्या शेतकरी घरांनी त्यातला डिसेंबर किंवा जानेवारीचा पहिला पंधरवडा धरावा, म्हणजे हळदीची काढणी सुरू होण्याआधी घरी परतता येते.