एनईएस घ्यावा की फॅमिकॉम? घरात पिवळ्या कॅसेट असतील तर

निन्टेंडोची ही दोन जुनी व्हिडिओ गेम मशीन. 1983 चा जपानी फॅमिकॉम आणि 1985 मध्ये अमेरिकेत आलेला एनईएस, आतून भावंडंच. खरा फरक कॅसेट आत कशी बसते यात आहे, आणि माझ्या मते निर्णय तिथंच होतो.

एनईएसमध्ये कॅसेट समोरून सरकवायची आणि खाली दाबायची. दर वेळी 72 पिनांचा कनेक्टर वाकतो, वर्षानुवर्षं वापरून पिना ढिल्या पडतात. मग लॉकआउट चिपचा (कॅसेट अस्सल आहे का हे तपासणारी चिप) कॅसेटमधल्या चिपशी संपर्क तुटतो आणि ती सेकंदागणिक मशीन रिसेट करत राहते. लाल दिवा लुकलुकतो, गेम सुरूच होत नाही. अशा वेळी फुंकर मारू नये. तोंडातल्या ओलाव्यानं कॅसेटचे धातूचे पट्टे काळे पडतात. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर चालू असलेल्या खोलीत दमटपणा असतोच, म्हणून कॅसेट तिथं उघड्या ठेवू नका. पट्टे 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. कनेक्टर काढून साध्या पाण्यात 10 मिनिटं उकळला आणि पूर्ण वाळवला तर बरेचदा पुन्हा पकडतो. बदली मिळणारे नवे कनेक्टर मात्र इतके घट्ट असतात की कॅसेट ओढून काढावी लागते. लॉकआउट चिपचा 4 क्रमांकाचा पाय तोडला की लुकलुकणं थांबतं, पण पिना ढिल्या असतील तर पडद्यावर कचरा येतोच.

फॅमिकॉममध्ये कॅसेट वरून सरळ बसते. पिना 60, लॉकआउट चिप नाही. आपल्याकडच्या पिवळ्या कॅसेट याच मापाच्या. एनईएसला त्यांच्यासाठी अडॅप्टर लागतो, आणि त्यातही लॉकआउट चिप हवी.

फॅमिकॉमचा त्रास विजेचा आणि टीव्हीचा. मूळ अडॅप्टर 100 व्होल्टचा, आपल्या 230 मध्ये लावला की जळालाच. 10 व्होल्ट डीसी, 850 मिलिअँपिअर लागतात, मधलं टोक ऋण. इथले बरेच अडॅप्टर उलटे असतात, म्हणून मल्टिमीटर लावून बघा. एनईएसचा 9 व्होल्ट एसी अडॅप्टर याला कधीच लावू नका. चित्र फक्त आरएफवर (अँटेनाच्या तारेतून), जपानी चॅनेलवर येतं. त्यामुळे पीपीयूच्या (चित्र तयार करणाऱ्या चिपच्या) 21 क्रमांकाच्या पायावरून ट्रान्झिस्टरमार्फत व्हिडिओ बाहेर काढून घ्यावा लागतो. सोल्डरिंग येणाऱ्याला हे काम अवघड नाही. ते टाळायचं असेल तर 1993 चा एव्ही फॅमिकॉम (टीव्हीला थेट व्हिडिओ देणारी नंतरची आवृत्ती) बघा, महाग पडतो पण कंट्रोलरही सुटे होतात.

झेल्डासारखे वाचत खेळायचे गेम इंग्रजीत हवे असतील तर एनईएस घ्या, त्यात वाद नाही. पण काँट्रा खेळायचा असेल तर जपानी कॅसेटमध्ये हलणारी झाडं, उडणारा बर्फ आणि टप्प्यांमधली दृश्यं आहेत, एनईएसच्या कॅसेटमध्ये ती नाहीत.

जुना फॅमिकॉम घेताना दुसऱ्या कंट्रोलरची वायर मुळाशी हलवून बघा. दोन्ही कंट्रोलर मशीनला जोडलेलेच असतात, वायर तुटली तर अख्खं मशीन उघडावं लागतं.