तारखेला दीड हजार घेणारे वकील आणि फुकटच्या वकीलबाई : सात महिन्यांचा अनुभव

साडेचार हजार रुपये गेले आणि एका रुपयाची पावती नाही. म्हणून लिहायला बसलोय.

मी छोटा हत्ती चालवतो. तासगावचा बेदाणा सांगलीच्या मार्केट यार्डात आणतो, पगार १८,०००. चुलतभावाच्या हळदीहून रात्री स्कूटरवर परतताना नाकाबंदीत सापडलो. श्वास तपासायच्या यंत्राच्या चिठ्ठीवर ६४ आलं. हद्द आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची. प्यायलो होतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं, जागेवर दंड भरून मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं. पहिल्या वेळेला १०,००० दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

शेठनी ओळखीचे वकील गाठून दिले. वकीलपत्रावर सही केली, दीड हजार. पुढच्या दोन तारखांना दीड-दीड हजार. एका तारखेला कागद आले नव्हते, दुसरीला साहेब दुसऱ्या केसमध्ये अडकले होते. दोन्ही दिवसांची माझी रोजी बुडाली. पावती मागितली तर म्हणाले, "विश्वास नाही का?" आमच्या यार्डात बेदाण्याच्या एका बॉक्सचीसुद्धा पावती फाटते. हमालसुद्धा तोलाईची चिठ्ठी बघितल्याशिवाय हलत नाही. माझ्या आठ दिवसांच्या कमाईला मात्र कागदाचा तुकडा नाही. सल्ला एकच: "कबूल कर, दंड भर, मोकळा हो." लायसन्सबद्दल एक शब्द नाही.

यार्डातल्या एका मापाड्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं नाव सांगितलं. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते. आपल्या राज्यात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अटही नाही. मी उत्पन्नाचा दाखला, आधार आणि अर्ज दिला. माझ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून मिळाला, निळ्या शाईचा, तारखेसकट. तो कागद मी अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय. पहिल्या वकिलांची ना हरकत लागली, ती मिळायला दहा दिवस आणि चार फेऱ्या.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा फुकटच्या वकीलबाईंबद्दलही माझं मत फारसं बरं नव्हतं. दुपारी फोन उचलत नाहीत, पहिल्या दिवशी अर्धा तास उशिरा आल्या, हातात फायलींचा गठ्ठा. फुकट ते फुकटच, असंच वाटलं. हे मत आता मागे घेतो.

मॅडमनी यंत्राची चिठ्ठी उजेडात धरली. वेळ बघितली, माझी सही बघितली, मग म्हणाल्या, "दादा, हे खोडता येणार नाही. लढलात तर तारखांनाच जास्त पैसे जातील. पण कबूल केलंत तर लायसन्सचं काय होईल, हे कुणी सांगितलंय का?" त्याच कायद्याच्या कलम २० प्रमाणे १८५ मध्ये दोषी ठरलं की किमान सहा महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवावंच लागतं. माझं लायसन्स एकच, स्कूटरचं आणि टेम्पोचं. पहिल्या वकिलांचं ऐकून मोकळा झालो असतो, तर दुसऱ्या दिवसापासून स्टेअरिंगला हात लावता आला नसता. तीन तारखांचे पैसे घेणाऱ्याला हे सांगायला दोन मिनिटं मिळाली नव्हती.

त्याच कलमात अपात्रता सगळ्या वाहनांसाठी किंवा ठराविक प्रकारच्या वाहनापुरती करता येते. मॅडमनी तेच मागितलं: पकडला स्कूटरवर, पोट टेम्पोवर, पहिलाच गुन्हा, घरात दोन शिकती मुलं. शेठचं पत्र जोडलं. पुकारा झाल्यावर मी कबूल केलं. १०,००० दंड झाला, आणि सहा महिने फक्त दुचाकी बंद. कोर्टाने ऐकलंच पाहिजे असं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. दंडाची पावती खिडकीवर लगेच मिळाली.

बाहेर आल्यावर मी पाचशेची नोट पुढे केली. "आम्हाला घेता येत नाही," म्हणाल्या आणि पुढच्या कोर्टात निघून गेल्या.

सध्या घर ते यार्ड सायकलने जातो, टेम्पो चालू आहे. साडेचार हजारांची पावती मी अजून मागतोय. सोमवारी परत फोन लावला होता.