फीटल फायब्रोनेक्टिन चाचणी: ‘नाही’ म्हणते तेव्हा विश्वास ठेवावा, ‘हो’ म्हणते तेव्हा प्रश्न विचारावेत

पहिल्या गरोदरपणात २९ व्या आठवड्यात एका रात्री माझे पोट दर दहा-बारा मिनिटांनी दगडासारखे कडक होऊ लागले. कंबरेतून कळ निघून ओटीपोटात उतरत होती. दिवस भरायला अजून अडीच महिने होते. त्या रात्री रुग्णालयात माझी फीटल फायब्रोनेक्टिन ही, प्रसूती अपुऱ्या दिवसांत होण्याची शक्यता तपासणारी जी चाचणी झाली, तीच तीन वर्षांनी दुसऱ्या गरोदरपणात ३० व्या आठवड्यात पुन्हा करावी लागली. पहिल्या वेळी तिने मला नऊ दिवस खाटेला खिळवले आणि दुसऱ्या वेळी दोन तासांत घरी पाठवले. एकाच चाचणीच्या या दोन अनुभवांवर, आणि त्या नऊ दिवसांत व नंतर मी या विषयावर जे वाचत राहिले त्यावर, हे परीक्षण आधारलेले आहे.

चाचणी करायला अतिशय सोपी आहे. आतून तपासताना वापरतात तेच उपकरण लावून योनीमार्गाच्या मागच्या खोलगट भागात, गर्भाशयमुखाच्या खालच्या बाजूला, एक मऊ स्वॅब सुमारे दहा सेकंद हळूहळू फिरवतात. तो द्रावणाच्या छोट्या नळीत बुडवतात, त्यातले काही थेंब एका पट्टीवर टाकतात आणि पट्टी यंत्रात सरकवतात. दुखत नाही, फक्त अवघडल्यासारखे होते. यंत्रात गेल्यापासून दहा-वीस मिनिटांत निकाल हातात येतो, आणि कळा येत असताना ही वीस मिनिटे किती लांब असतात हे ज्यांनी सोसले आहे त्यांनाच कळेल.

या पट्टीवर नेमके काय मोजले जाते, हे मला दोन्ही वेळा कोणी आपणहून सांगितले नाही. आणि ते समजल्याशिवाय निकालाचा अर्थ लागत नाही, असे माझे ठाम मत आहे. फीटल फायब्रोनेक्टिन हे एक प्रथिन आहे. बाळाभोवतीच्या पाणमोटीचे बाहेरचे आवरण आणि आईच्या गर्भाशयाचे अस्तर जिथे एकमेकांना चिकटलेले असतात, त्या सांध्यात ते खळीसारखे काम करते. गर्भधारणेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत ते योनीस्रावात सापडते, पण साधारण २२ व्या आठवड्यानंतर सांधा पक्का बसला की ते तिथून नाहीसे होते आणि दिवस भरत आले की पुन्हा दिसू लागते. म्हणून २४ ते ३४ आठवड्यांच्या काळात ते स्रावात आढळले, तर सांध्याला कुठेतरी धक्का बसला आहे एवढे कळते. हा धक्का कोण देते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा आईच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीपाशी जाऊन पोहोचते.

अर्धे गुण वडिलांकडून घेतलेले, म्हणजे आईच्या शरीराला निम्मे परके असलेले बाळ ती नऊ महिने कसे सांभाळते, हा प्रश्न ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५३ साली मांडला होता. बाळ आईच्या प्रतिकारशक्तीपासून लपून राहते किंवा ती शक्ती गरोदरपणात झोपी जाते, अशी समजूत बराच काळ होती. आज चित्र वेगळे दिसते. गर्भाशयाच्या अस्तरात प्रतिकारपेशी सुरुवातीपासूनच मोठ्या संख्येने हजर असतात. पहिल्या तिमाहीत तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी जवळजवळ ७० टक्के एका खास जातीच्या, ‘नॅचरल किलर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेशी असतात. नाव भयंकर असले तरी त्या बाळाला मारत नाहीत, उलट वारेला रक्त पुरवणाऱ्या आईच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करतात. नियंत्रक टी पेशी इतरांना आवर घालतात आणि वारेच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर एचएलए-जी हा रेणू धरून ‘मी शत्रू नाही’ अशी ओळख देत राहतात. मला हे वाचताना पोटावर हात ठेवावासा वाटला होता, कारण तोपर्यंत माझे शरीर मला दगा देते आहे अशीच माझी समजूत झाली होती.

दिवस भरले की हेच सैन्य पवित्रा बदलते. मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या पेशी गर्भाशयमुखात, अस्तरात आणि गर्भाशयाच्या स्नायूत गोळा होतात आणि इंटरल्यूकिन-१, ६ व ८ यांसारखे दाहाचे निरोप सोडू लागतात. त्यातून कळांना चालना देणारे प्रोस्टाग्लँडिन वाढते, गर्भाशयमुखाला घट्ट धरून ठेवणारे कोलॅजेन विरघळवणारी विकरे कामाला लागतात, स्नायूवर ऑक्सिटोसिन हे कळा आणणारे संप्रेरक पकडणाऱ्या जागा वाढतात. गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे रक्तातले प्रमाण माणसात प्रसूतीपूर्वी घसरत नाही, पण दाहामुळे स्नायू त्याचे ऐकेनासा होतो. म्हणजे नैसर्गिक प्रसूती हीसुद्धा एका अर्थी ठरल्या वेळी होणारी, आवरात असलेली सूज आहे. अपुऱ्या दिवसांची प्रसूती अनेकदा याच यंत्रणेची वेळेआधी सुरू झालेली आवृत्ती असते. योनीमार्गातून वर चढलेले जंतू तिला जागे करू शकतात. वारेमागे झालेला रक्तस्राव करू शकतो. जुळ्यांमुळे अति ताणले गेलेले गर्भाशय करू शकते. आणि कधी एकही जंतू नसताना, इजा झालेल्या पेशींनी सोडलेले रेणूच दाह पेटवतात. गर्भाशयातील संसर्गाचा वाटा साधारण २५ ते ४० टक्के अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींत असावा, असा अंदाज नेहमी दिला जातो.

या चाचणीची मर्यादा इथेच आहे. आईच्या पेशींनी सोडलेल्या विकरांनी खळ सुटली की प्रथिन खाली झिरपते आणि पट्टी ते पकडते, पण पेशींना कोणी उठवले हे पट्टीला ठाऊक नसते. म्हणून केवळ पॉझिटिव्ह निकाल पाहून ‘आत संसर्ग असेल, अँटिबायोटिक सुरू करा’ असे म्हणणे चुकीचे ठरते. पाणमोट शाबूत असताना आणि संसर्गाची लक्षणे नसताना दिलेल्या अँटिबायोटिकांनी फायदा होत नाही, हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरॅकल’ या मोठ्या वैद्यकीय अभ्यासात दिसले होते. पुढे त्यातल्या मुलांची सातव्या वर्षी पाहणी झाली, तेव्हा औषध मिळालेल्या मातांच्या मुलांत सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूतील दोषामुळे हालचालींवर मर्यादा येण्याचे, प्रमाण अधिक आढळले. खबरदारी म्हणून दिलेले औषधही महागात पडू शकते, हे या क्षेत्राने फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे.

आता आकड्यांविषयी. या प्रथिनाचा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी असलेला संबंध १९९१ साली पुढे आला, १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने चाचणीला मान्यता दिली, आणि कळा येत असलेल्या ७६३ स्त्रियांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांची चाचणी निगेटिव्ह होती, त्यांच्यातल्या ९९.५ टक्के स्त्रिया पुढच्या सात दिवसांत बाळंत झाल्या नाहीत. चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी मात्र जेमतेम १३ टक्के त्या सात दिवसांत बाळंत झाल्या. म्हणजे ही चाचणी ‘नाही’ म्हणते तेव्हा तिच्या शब्दावर घरी जाता येते, आणि ‘हो’ म्हणते तेव्हा ती फार तर ‘लक्ष ठेवा’ एवढेच म्हणत असते. नुसते हो-नाही न सांगता प्रमाण सांगणारे यंत्र याहून बरे, कारण प्रति मिलिलिटर ५० नॅनोग्रॅमच्या एका रेषेऐवजी १०, ५०, २०० आणि ५०० अशा पायऱ्या दिसतात, आणि ५५ व ४८० यांना एकाच तराजूत तोलले जात नाही.

माझी तक्रार चाचणीबद्दल नाही, ती वापरण्याच्या पद्धतीबद्दल आहे. नमुना शुद्ध असावा म्हणून काही अटी असतात: पाणमोट फुटलेली नसावी, गर्भाशयमुख तीन सेंटिमीटरच्या आत उघडलेले असावे, रक्तस्राव फारसा नसावा, आदल्या २४ तासांत शरीरसंबंध झालेला नसावा, आणि बोटांनी आतून तपासणी किंवा जेल लावून योनीमार्गातली सोनोग्राफी करण्याआधी स्वॅब घेतलेला असावा. पहिल्या रात्री मला आधी दोन जणांनी आतून तपासले, मग कोणाला तरी चाचणी आठवली. निकाल आला तो ‘पॉझिटिव्ह’ एवढाच, आकडा नव्हता. मी प्रश्न विचारला तेव्हा ‘ताई, आता काळजी करू नका, आम्ही आहोत’ असे उत्तर मिळाले. ते मायेने दिलेले होते हे मी मान्य करते, पण त्या उत्तराने मला काहीच कळले नाही.

बाळाची फुप्फुसे पक्व व्हावीत म्हणून बीटामेथासोन या स्टेरॉइडची दोन इंजेक्शने २४ तासांच्या अंतराने दिली गेली. न्यूझीलंडमधील डॉक्टर लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवून दिलेला हा उपाय अपुऱ्या दिवसांच्या असंख्य बाळांना वाचवतो, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याचा सर्वाधिक लाभ इंजेक्शनांनंतरच्या आठवड्याभरात प्रसूती झाली तरच मिळतो. माझी मुलगी ३८ व्या आठवड्यात जन्मली. ते औषध तिला नको असताना दिले गेले आणि मला नऊ रात्री छताकडे पाहत काढाव्या लागल्या, त्यामागे कदाचित दोन मिनिटांच्या चुकलेल्या क्रमापलीकडे काही नव्हते.

दुसऱ्या वेळी दुसरीकडे गेले. कळा तशाच, रात्रही तशीच. तिथल्या डॉक्टर बाईंनी हातमोजे चढवण्याआधी तीन प्रश्न विचारले: रक्त जाते आहे का, पाणी गेले का, कालपासून संबंध आला का. मग स्वॅब घेतला, नळीवर वेळ लिहिली, आणि त्यानंतरच गर्भाशयमुखाची लांबी सोनोग्राफीने मोजली. ती ३३ मिलिमीटर निघाली. यंत्राच्या कागदाचा तुकडा त्यांनी माझ्याच हातात दिला. त्यावर ७ हा आकडा होता. त्या म्हणाल्या, ‘सांधा शाबूत आहे. तुमचे शरीर अजून प्रसूतीच्या तयारीला लागलेले दिसत नाही. पण पाणी गेले, रक्त दिसले, ताप आला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर हा कागद विसरा आणि निघून या.’ पुढच्या दोन आठवड्यांत पुन्हा कळा आल्या तर चाचणी परत करता येईल, हेही त्यांनी आपणहून सांगितले.

२०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे ३७ आठवड्यांपूर्वी जन्मली, आणि त्यांतल्या अनेकांच्या आयांनी आधी अशीच एखादी अनिश्चित रात्र काढली असेल. त्यांच्यासाठी ही चाचणी असावी असे मला वाटते, आणि पाचपैकी चार गुण मी तिला देते. एक गुण कापते तो निकालाच्या कागदासाठी. प्रत्येक कागदावर आकडा, नमुना घेतल्याची वेळ आणि शेवटच्या आतून तपासणीची वेळ या तीन गोष्टी छापलेल्या असाव्यात, म्हणजे पहिल्या रात्री माझ्या निकालाकडे पाहणाऱ्या नव्या डॉक्टरला तो नमुना कधीचा आणि कसा घेतला होता हे मला न विचारता दिसले असते.