बॅकस्ट्रोकसाठी पॅडल: पट्ट्याचं मोठं की अंगठ्याचं छोटं?

आमच्या लातूरकडची बरीच पोरं कमरेला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. दंडात ताकद भरपूर, पण बॅकस्ट्रोकमध्ये, म्हणजे उताणं पोहताना, हात सरळ ठेवूनच पाणी ढकलतात. अशांच्या हातात पहिलं पॅडल, म्हणजे सरावासाठी तळव्याला लावायची प्लास्टिकची पाटी, कोणतं द्यावं, हा खरा प्रश्न आहे.

मोठं, सपाट पॅडल बोटांना आणि मनगटाला रबरी नळीने बांधलेलं असतं. पाणी भरपूर पकडतं, ताकद वाढवतं. मात्र चूक झाकतं. बॅकस्ट्रोकमध्ये हात करंगळीकडून पाण्यात शिरायला हवा. तळव्याची मागची बाजू आधी आपटली तरी बांधलेलं पॅडल जागचं हलत नाही. वर त्या चुकीचा सगळा भार खांद्यावर येतो. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना तर मी ते देतच नाही.

अंगठ्याच्या भोकात अडकवायच्या छोट्या पॅडलला पट्टाच नसतो. हात डोक्यामागे मधल्या रेषेपलीकडे गेला किंवा कोपर न वाकवता पाणी ओढलं, की ते डुगडुगतं, कधी सुटून थेट तळाला जातं. पहिल्या दिवशी पोरं वैतागतात. चार दिवसांनी करंगळी आपोआप आधी शिरू लागते.

मोठंच घरात असेल तर मनगटाची नळी काढा, फक्त मधल्या बोटाची ठेवा. निम्मं काम भागतं. खांदा दुखला की मात्र पॅडल त्याच क्षणी काठावर.