मागच्या चाकांच्या ‘अ‍ॅडजस्टेबल किट’च्या नावाखाली झालेली फसवणूक

मागच्या चाकांचे अलाइनमेंट जुळवता येईल असे किट बसवून देतो, असे मुंबईतील कोणत्याही गॅरेजने आपणास सांगितले असेल, तर पैसे देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

माझ्या हॅचबॅकचा मागचा डावा टायर आतल्या कडेने झपाट्याने झिजत होता. कुर्ल्यातील एका गॅरेजमध्ये मशीनवर तपासले असता केवळ त्याच चाकाचे कॅम्बर (समोरून पाहता चाक आत किंवा बाहेर कलण्याचा कोन) आणि टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळण्याचा कोन) मर्यादेबाहेर आढळले, आणि तेवढे निदान खरे होते. आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांना मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा पोलादी भाग) असतो व त्यात हे दोन्ही कोन बदलण्याची सोय कंपनीने दिलेली नसते. हेच कारण पुढे करून गॅरेजमालकांनी किटचे म्हणून १८,००० रुपये घेतले आणि गाडी परत देताना सर्व आकडे हिरव्या रंगात, म्हणजे मर्यादेत, दाखवणारा मशीनचा कागद हाती ठेवला.

टायर मात्र पूर्वीसारखाच झिजत राहिला. चेंबूरच्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर घेतल्यावर समजले की किट म्हणून काहीच बसवलेले नव्हते. हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, ज्या चार बोल्टांनी बीमच्या टोकाला आवळलेला असतो, त्यांपैकी दोन बोल्टांवर, हब आणि बीम यांच्या मधल्या फटीत, साधे वॉशर सरकवून वरून काळा रंग मारला होता. अशा बीमसाठी कोन बदलायला मध्ये घालायची जी शिम खरोखर मिळते, ती एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ अशी पूर्ण प्लेट असते व ती दोन्ही पृष्ठभागांना सर्व बाजूंनी टेकते. वॉशरमुळे मध्ये पोकळी राहते, हबला पूर्ण आधार मिळत नाही, बोल्टांवर वाकवणारा ताण येतो आणि ते सैल होण्याचा किंवा तुटण्याचा धोका असतो. पैशांपेक्षा मला याचाच संताप अधिक आहे, कारण त्याच गाडीतून माझे वृद्ध आई-वडील सायन-पनवेल महामार्गावरून ये-जा करत होते.

तो कागदही खोटा असावा, असे मला आता ठामपणे वाटते. त्यावर गाडीचा क्रमांक नव्हता, आणि आधीच्या कागदाशी ताडून पाहिले तेव्हा पुढच्या चाकांचा कॅम्बरही जवळजवळ एक अंशाने बदललेला दिसला. माझ्या गाडीत तो बदलण्याची सोयच नाही आणि पुढच्या भागाला कोणी हातही लावला नव्हता. म्हणून कामाआधीचे व नंतरचे आकडे एकाच कागदावर, गाडीचा क्रमांक, मॉडेल आणि वेळ यांसह मागावेत, आणि चाक बसवण्यापूर्वी शिम स्वतः पाहून तिचे छायाचित्र घ्यावे.

मूळ दोष वेगळाच निघाला. खड्ड्याच्या धक्क्याने बीमचे डावे टोक वाकले होते. एकाच बाजूचे आकडे बिघडलेले असतील, तर आधी वाकलेला भाग शोधावा लागतो. तो तसाच ठेवून शिम घालणे हा उपाय नव्हे. बीम बदलल्यावर दोन्ही कोन मर्यादेत आले.

पक्की पावती, दोन्ही कागद आणि वॉशरची छायाचित्रे जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. गॅरेजने अद्याप पैसे परत केलेले नाहीत, त्यामुळे आयोगाकडील अर्जाची तयारी सुरू आहे.