सौर पंप: बॅटरी की उंचावरची टाकी?

परसबागेसाठी घरीच सौर पंप जोडायचा, तर वीज साठवायची की पाणी? बॅटरी असली की पहाटे, ऊन नसतानाही पंप चालतो. पण सोबत चार्ज कंट्रोलर (बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारं उपकरण) आला, आणि लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरली की लवकर बसते.

टाकीचं काम सरळ. 12 व्होल्टचा डीसी पंप थेट पॅनेलला जोडा. उन्हात पिंप भरतं, संध्याकाळी तोटी सोडायची. अडचण दाबाची. मीटरभर उंचीला जेमतेम 0.1 बार मिळतो, त्यात दाब-नियंत्रित ड्रिपर (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे ठिबकचे तोंड) नीट चालत नाहीत. साधे, मोठ्या छिद्राचे घ्या. झाकण हवंच, नाहीतर शेवाळ आणि डास.

चार वाफ्यांसाठी मी तरी टाकीच घेईन. फक्त स्टँड भक्कम हवा: 200 लिटर म्हणजे 200 किलो.