‘स्पर्श’ पेन्शन पोर्टल: फौजीच्या घरच्यांना कितपत सोपं?

‘स्पर्श’ हे संरक्षण खात्याचं ऑनलाइन पेन्शन पोर्टल. ते आल्यापासून माजी सैनिकांची पेन्शन प्रयागराजच्या (पूर्वीचं अलाहाबाद) पीसीडीए, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शन लेखा कार्यालयातून थेट खात्यात येते. पेन्शन स्लिप, फॉर्म 16, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) सगळं मोबाइलवर दिसतं. इथवर पोर्टल उत्तम. एक मात्र पक्कं समजून घ्या: पेन्शनचा हिशेब आता बँक करत नाही. हिशेब चुकला म्हणून मॅनेजरशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, तक्रार पोर्टलवरच टाकायची.

खरी गोम पत्नीच्या नावात आहे. पार्ट टू ऑर्डरला (सैनिकाच्या घरच्यांची माहिती नोंदवणारा युनिटचा आदेश) नुसतं ‘सविता’, आधारवर सासरचं पूर्ण नाव, पॅनवर अजून माहेरचं आडनाव. त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे ‘व्ही’, कुठे ‘डब्ल्यू’. नवरा हयात असेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही. फॅमिली पेन्शनचा अर्ज केला की गाडी तिथेच अडते. जन्मतारखेचंही तसंच. वयाच्या 80 व्या वर्षी फॅमिली पेन्शनमध्ये 20 टक्के वाढ मिळते, पण पीपीओत पत्नीची जन्मतारीखच नसेल तर ती रखडते.

म्हणून डिस्चार्जच्या आधीच, युनिटच्या क्लार्ककडून पार्ट टू ऑर्डर दुरुस्त करून घ्या. घरी आल्यावर तेच काम रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयामार्फत करावं लागतं: आधार, विवाह प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कागद लावून द्यायला मदत करतं, तिथे जायला लाजू नका.

हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’ ॲपवर चेहरा दाखवून होतो. मंजुरी देणारं कार्यालय ‘डिफेन्स - पीसीडीए (पी) अलाहाबाद’ आणि वितरण करणारं ‘स्पर्श - पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ निवडा. सवयीनं जुनी बँक निवडली की दाखला भलतीकडे जातो आणि पुढे पेन्शन थांबते.

पोर्टलचा सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे मोबाइल नंबर. ओटीपी नवऱ्याच्या सिमवर येतो आणि तो नोकरीसाठी बाहेरगावी असतो, तेव्हा बायकोला काही करता येत नाही. नवरा वारल्यावर सिम लगेच बंद करू नका, पण मृत्यूची नोंद मात्र लांबवू नका. मधल्या महिन्यांत जास्त जमा झालेली रक्कम नंतर फॅमिली पेन्शनमधून वळती होते.